कंसातली मेमरी

नवी मेमरी बसवून झाली, मेहुण्यांनी हात झटकले, कॉम्प्युटर सुरू झाला आणि पडद्यावर यंत्राची सगळी माहिती उघडली. रफारसाहेबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पडद्यापाशी वाकले आणि म्हणाले, "हा कंस कसला?"

मजकूर इंग्रजीत होता, पण अर्थ सरळ होता. बसवलेली मेमरी आठ जीबी. आणि पुढे कंसात, वापरण्याजोगी ३.४५ जीबी.

"कंसात आहे ना, मग फार महत्त्वाचं नसणार, भाऊजी," मेहुणे म्हणाले.

दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हे खपून गेलं असतं. पण रफारसाहेब मुद्रितशोधक होते. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका मोठ्या छापखान्यासाठी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवली होती. रफार हे नाव छापखान्यातल्या मंडळींनी ठेवलेलं, कारण ते प्रत्येकाच्या डोक्यावर बसत. ते नाव कानावर आलं तेव्हा त्यांना राग आला नाही. 'रफार कुणाच्याही डोक्यावर बसत नाही, पुढच्या अक्षराच्याच बसतो,' एवढी दुरुस्ती त्यांनी केली, आणि त्या दुरुस्तीमुळेच नाव कायमचं चिकटलं. अशा माणसाला कंसाबद्दल शिकवण्यात अर्थ नव्हता. लोक मोठ्या टाइपात थापा मारतात आणि खरं काय ते कंसात सांगतात, हा त्यांचा नोकरीभराचा अनुभव होता.

"यात चार जीबीची नवी पट्टी घातली," ते बोटांवर मोजत म्हणाले. "आधी चार होती. चार आणि चार आठ. मग साडेचार गेली कुठे?"

"नवीन आहे ती. जरा रुळू द्या," मेहुणे म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले. बायकोचा भाऊ असल्यामुळे रफारसाहेबांना यापेक्षा जास्त विचारता येत नव्हतं.

आता यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काय होतं, असं कुणी म्हणेल. होतं. छापखान्याने मुद्रितशोधकांची खोली कधीच रिकामी केली होती आणि उरल्यासुरल्यांना घरून काम दिलं होतं. आता पुढच्या महिन्यापासून कागदावरची प्रुफं बंद होऊन सगळं काम 'निर्दोष' नावाच्या नव्या सॉफ्टवेअरवर होणार होतं. ज्याच्या यंत्रात आठ जीबी वापरण्याजोगी मेमरी नसेल, त्याला 'निर्दोष' दारातूनच परत पाठवणार होतं. रफारसाहेबांना निवृत्तीला अवकाश होता आणि चुका शोधण्यापलीकडे दुसरं काही येत नव्हतं. चुका शोधण्याला बाहेर मागणी नसते. घरातही नसते, हे तर त्यांना लग्नानंतर लगेचच कळलं होतं.

तर मेमरी रुळेपर्यंत वाट पाहायचं ठरलं. रोज सकाळी ते दात घासायच्या आधी यंत्र चालू करत. रोज तोच कंस, तोच आकडा. दशांशचिन्हापुढचा पाचसुद्धा जागचा हलला नव्हता.

बातमी जिन्याने खाली गेली आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले. काकांनी नोकरीत पूल तपासले होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही जोडावर मत द्यायचा अधिकार आपल्याला आहे असं ते धरून चालत. त्यांनी यंत्राला बाहेरूनच दोनदा टिचकी मारली आणि निदान केलं. "संपर्क नाही. पट्टीचे ते सोनेरी दात आहेत ना, ते खोडरबराने घासा."

खोडरबरांना त्या घरात तोटा नव्हता. पांढरे, निळे, एका बाजूला खरखरीत असलेले, सगळे निघाले. रफारसाहेबांनी पट्टी घासायला घेतली, आणि खरं सांगायचं तर घासताना त्यांना बरं वाटलं. किती तरी दिवसांत हाताला ओळखीचं काम मिळालं होतं. दात लखलखेपर्यंत त्यांनी घासले, मग मेहुण्यांना बोलावून पट्टी परत बसवली आणि बटण दाबलं.

पडदा काळाच राहिला. यंत्राच्या पोटातून मात्र आवाज यायला लागला. एक लांब शिट्टी, दोन आखूड. पुन्हा एक लांब, दोन आखूड.

"एक दीर्घ, दोन ऱ्हस्व," रफारसाहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"ते काय म्हणतंय?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काहीतरी चुकलंय म्हणतंय. काय चुकलंय ते सांगत नाही."

"तुम्हीही तसंच करता," ती म्हणाली.

काका शिट्ट्या मोजत उभे होते. चेहरा उतरला होता. "पूल असा बोलायला लागला की आम्ही आधी वाहतूक बंद करायचो," असं म्हणून ते चपला हातात घेऊन जिना उतरून गेले. मेहुण्यांनी पट्टी उपसून पुन्हा घातली, अंगठ्याने असा काही जोर लावला की खट् झालं आणि शिट्ट्या थांबल्या. पडदा उजळला. आठ जीबी, कंसात ३.४५.

"आलं!" मेहुणे ओरडले, आणि घरात खरोखरच आनंद झाला. बायकोने पुन्हा चहा टाकला. आपण जिथून निघालो तिथेच परत आलोय हे रफारसाहेबांच्या लक्षात यायला अर्धा कप चहा व्हावा लागला. माणसाच्या अपेक्षा अशाच, कुणाला पत्ता न लागता, खाली येतात.

मग त्यांनी छापखान्याच्या मदतकेंद्राला फोन लावला. बऱ्याच वाद्यसंगीतानंतर एक बाई बोलायला आल्या. त्यांना कायमची सर्दी असावी.

"तक्रार 'निर्दोष'मधून नोंदवा, साहेब."

"'निर्दोष' उघडत नाही, हीच तक्रार आहे."

"मग ती 'उघडत नाही' या सदरात नोंदवा."

"ते सदर कुठे आहे?"

"'निर्दोष'मध्ये." बाई जरा थांबल्या, नाक ओढलं. "मलाही ते बरोबर वाटत नाही, साहेब. पण तक्रारी घ्यायला मला फक्त फोन दिलाय."

रफारसाहेबांनी फोन ठेवला. बाईंनी माणुसकीने बोलायला नको होतं असं त्यांना वाटलं. उद्धट बोलल्या असत्या तर निदान भांडता आलं असतं.

राहता राहिला दुकानदार. ज्या दुकानातून पट्टी आणली होती ते पलीकडच्या बाजारात, दोन इमारतींच्या मधल्या फटीत होतं. भिंतीवर मेलेले कीबोर्ड टांगलेले, खाली वायरींचा गुंता, आणि मधोमध दुकानदार, आयुष्याला कंटाळलेला. त्याने पट्टी स्वतःच्या यंत्रात लावून पाहिली आणि परत दिली. "पट्टी चांगली आहे. मशीन आणा."

मशीन आणा म्हणायला त्याचं काय गेलं? तो डबा जड होता आणि रफारसाहेबांची कंबर नोकरीत खुर्चीवर वाकून वाकून गेलेली. मेहुणे म्हणाले, आपण दोघं धरून नेऊ. पण मेहुणे उंच आणि रफारसाहेब बुटके, त्यामुळे सगळा भार उताराने रफारसाहेबांकडे येत होता. जिन्यातच दम लागला. शेवटी शेजारच्या वहिनींनी तोड काढली. त्यांच्या मुलीची बाबागाडी माळ्यावर पडून होती. मुलगी आता दुसरीत होती, गाडी तशीच होती. एक चाक कुरकुरत होतं, बाकी ठणठणीत.

"मी बाबागाडी ढकलणार नाही," रफारसाहेब म्हणाले.

"आपलं मूल लहान होतं तेव्हाही तुम्ही ढकलली नाहीत," बायको म्हणाली. तिने डब्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी शाल पांघरली आणि कडेने नीट खोचलीही.

मेहुणे चार पावलं पुढे चालत होते, जणू आपला काही संबंध नाही. रफारसाहेब खाली मान घालून ढकलत होते. कुरकुर, कुरकुर. चौकात सिग्नलला थांबले तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंनी कौतुकाने शालीकडे पाहिलं.

"झोपलंय वाटतं. कितीचं आहे?"

रफारसाहेबांना खोटं बोलता येत नसे. "नऊ वर्षांचा," ते म्हणाले.

आजीबाई दोन पावलं मागे सरल्या. सिग्नल सुटला तरी त्या तिथेच उभ्या होत्या.

दुकानदाराने डबा उघडला नाहीच. नुसता पडदा जोडला, काहीतरी दाबलं आणि दोन मिनिटांत जांभई दिली. "बत्तीस बिट आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे यातली सिस्टिम जुनी आहे. तिला चारच्या पुढे मोजताच येत नाही. तुम्ही आठ घाला, सोळा घाला, ती चारपर्यंत मोजते. त्यातलंही थोडं यंत्र स्वतःच्या कामाला ठेवून घेतं. तुमचा आकडा आधीही हाच असणार. तुम्ही कंस वाचला नसेल."

हा घाव वर्मी लागला. मुद्रितशोधकाने कंस वाचला नव्हता! रफारसाहेबांनी आवाज शक्य तितका थंड ठेवला. "हे विकताना का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मेमरी मागितलीत. मी मेमरी दिली. मोजता येतं का असं तुम्ही विचारलं नाहीत." त्याने पुन्हा जांभई दिली. "जुनी सिस्टिम काढून चौसष्ट बिटची टाकतो. पण आतलं सगळं पुसलं जाईल. काढून ठेवलंय ना?"

"मशीन इथे आणायचं म्हणून कालच काढलंय," मेहुणे उत्साहाने पुढे झाले. "मीच काढलं. सगळं एका पेन ड्राइव्हमध्ये मावलं. जागासुद्धा उरली!"

जागा उरली हे ऐकून कुणालाही शंका यायला हवी होती. रफारसाहेबांना आली नाही. ते अजून कंसाच्याच विचारात होते.

संध्याकाळी यंत्र घरी आलं, नव्या सिस्टिमनिशी. मेहुण्यांनी पेन ड्राइव्ह लावला. फायलींची सगळी छोटी चित्रं पडद्यावर रांगेने उभी राहिली, पूर्वी होती तशीच. रफारसाहेबांनी पहिल्यावर टिचकी मारली. मूळ फाइल सापडत नाही. दुसऱ्यावर मारली. मूळ फाइल सापडत नाही. मेहुण्यांनी पडद्यावरची चित्रं तेवढी उचलून आणली होती. दारावरच्या पाट्या आणल्या आणि घरं मागेच पाडली, असं ते झालं होतं.

त्या घरांपैकी एकात रफारसाहेबांची शब्दांची टिपणं होती. कुठला शब्द कसा लिहावा, कुठे लोक हमखास घसरतात, का घसरतात. निम्म्या नोकरीत जमवलेलं. दुपारच्या वेळी ते येरझाऱ्या घालत सांगत आणि बायको टंकत असे. तिचा हात चालू असताना ते उगीच 'पूर्णविराम दिलास ना?' विचारत आणि ती 'कधीच दिला' म्हणे. वर्णानुक्रमाने दोघं 'भ'पर्यंत आली होती.

मेहुणे पेन ड्राइव्ह काढत होते, घालत होते. शेवटी खाली बसले. "ताई, मला वाटलं..." एवढंच म्हणाले.

रफारसाहेब ओरडतील म्हणून तिघंही वाट पाहत होती, त्यात रफारसाहेब स्वतःही होते. पण ओरडणं आलं नाही.

"परत 'अ'पासून सुरू करू," बायको म्हणाली.

"कशासाठी?" त्यांनी विचारलं. ती उठली आणि भावाला म्हणाली, "जेवूनच जा आता."

कंसाचं विचाराल तर तो गेला नाही. आता तिथे ७.८९ होतं. उरलेलं ०.११ पडद्यावर चित्र दाखवायला लागतं म्हणे. 'निर्दोष'ने तपासणी केली, आठाला ७.८९ कमी पडतात असं कळवलं आणि दार लावून घेतलं. रफारसाहेबांनी पुन्हा मदतकेंद्राला फोन केला. त्याच बाई, तीच सर्दी. सगळं ऐकून घेऊन त्यांनी आवाज खाली आणला.

"मी ते राउंड करून टाकते, साहेब. आठ. कुणाला सांगू नका."

"असं करता येतं?" रफारसाहेबांनी विचारलं. "मग पहिल्यांदाच का नाही केलंत?"

"तेव्हा तुमचं ३.४५ होतं," बाई म्हणाल्या. "त्याचे तीन झाले असते."

अशा रीतीने 'निर्दोष' उघडलं. आठच्या आठ जीबी, गोल केलेली का होईना, कामाला लागली. पहिलं काम आलं ते दुसरीचं पाठ्यपुस्तक. जुन्या छापील पुस्तकावरून यंत्राने मजकूर उचलला होता, तपासला होता, आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची हिरवी खूण करून ठेवली होती. मुद्रितशोधकाने करायचं होतं एकच, खालचं 'मंजूर' हे बटण दाबायचं. रफारसाहेबांनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं, कारण न वाचता दाबणं त्यांच्या हाताला माहीत नव्हतं.

नवव्या पाठाला घोड्याचं चित्र होतं. चित्राखाली लिहिलं होतं, 'थोडा हा पाळीव प्राणी आहे.'

त्यांनी पुढे वाचलं. जुन्या पानावर 'घ' पुसट झाला असावा. यंत्राने झाडून सगळ्या घोड्यांचे थोडे केले होते. 'थोडा गवत व चणे खातो. थोडा फार वेगाने पळतो.' सगळीकडे हिरव्या खुणा.

रफारसाहेबांनी दुरुस्ती टाकली. लगेच उत्तर आलं, 'सूचना अमान्य. शब्द शुद्ध आहे.' त्यांनी पुन्हा टाकली. पुन्हा तेच. शब्द शुद्ध होता, याला नाही म्हणायची सोय नव्हती. त्यांनी स्वतः टिपणांत 'थ'खाली तो असाच लिहून घेतला होता.

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून छापखान्यात गेले. त्यांच्या जुन्या खोलीत टेबलं एकावर एक उलटी रचली होती आणि कोपऱ्यात नवी काचेची केबिन उभी राहिली होती. व्यवस्थापकांनी बसायला सांगितलं, पाणी मागवलं, घोड्याची हकिकत शांतपणे ऐकली.

"साहेब, 'निर्दोष' नव्व्याण्णव टक्के अचूक आहे," ते म्हणाले. "चाचण्या झाल्यात."

"उरलेल्या एका टक्क्यात घोडा आहे," रफारसाहेब म्हणाले.

"पुढच्या आवृत्तीत बघू ना. आता यंत्र थांबवलं तर सगळी पुस्तकं अडकतील. शाळा उघडल्यात." व्यवस्थापक पुढे झुकले आणि अगदी मऊ आवाजात बोलले. "बाकीच्या तिघांनी आपापली मंजूर केली. तुमचंच एक राहिलंय. वरून विचारतायत, यांचं यंत्र अजून अडतंय का? मी काय सांगू?"

रफारसाहेब पाणी न पिताच उठले. घरी येऊन यंत्रापुढे बसले आणि नववा पाठ पुन्हा पहिल्यापासून वाचला. बायको एकदा येऊन पाहून गेली. मग त्यांनी 'मंजूर' दाबलं. यंत्र अजिबात अडलं नाही. आठही जीबी सुरळीत चालू होत्या.

पुस्तक छापून आलं, वाटलं गेलं. पुढची कामंही येत राहिली. हिरव्या खुणा, मंजूर, हिरव्या खुणा, मंजूर. आपण एवढा वेळ वाचत का बसतो हे त्यांना हळूहळू सांगता येईना, तरी ते वाचत. मेहुणे अधूनमधून येत, यंत्राकडे न बघता बसत आणि जाताना ताईला म्हणत, "भाऊजी फार गप्प झालेत."

एके दिवशी दिवेलागणीला शेजारच्या भिंतीतून पाठांतराचा आवाज आला. वहिनींची मुलगी तालासुरात म्हणत होती, "थोडा हा पाळीव प्राणी आहे. थोडा गवत व चणे खातो."

रफारसाहेब तसेच उठले आणि शेजारचं दार वाजवलं. वहिनींनी दार उघडलं. "या ना, काका!"

"वहिनी, तो घोडा आहे."

"कोण?"

"पाठातला. थोडा नाही, घोडा. छापताना चुकलंय." ते मुलीकडे वळले. "बाळ, चित्रात काय आहे बघ बरं?"

"घोडा," मुलगी म्हणाली.

"मग?"

"चित्र परीक्षेला नाही. बाईंनी सांगितलंय, पुस्तकात लिहिलंय तेच म्हणायचं."

वहिनी हसल्या. त्या चांगल्या मनाच्या होत्या. "काका, चुकेल कसं? मागच्या पानावर तुमचंच तर नाव आहे, मुद्रितशोधन म्हणून. हिने वर्गात सगळ्यांना दाखवलं. माझ्या शेजारच्या आजोबांनी तपासलंय म्हणून." त्यांनी पुस्तक उघडून दाखवलंही. नाव पूर्ण छापलं होतं, कानामात्रेची एकही चूक नव्हती.

रफारसाहेबांनी ते वाचलं, पुस्तक मिटून मुलीच्या हातात दिलं आणि घरी येऊन खुर्चीत बसले. बायको भाजी निवडत होती. भिंत पातळ होती, तिला सगळं ऐकू आलं होतं. पलीकडे मुलीने पाठ पुन्हा पहिल्यापासून धरला. थोडा गवत व चणे खातो. थोडा फार वेगाने पळतो.

ते ऐकत राहिले, शेवटच्या ओळीपर्यंत.

"पूर्णविरामाला मात्र बरोबर थांबते," ते म्हणाले.

"थांबते ना?" बायको म्हणाली. "मघाशी मलाही तेच वाटलं."